हिशेबाच्या वहीतले लंडन

परदेशी शिकायला गेलेल्या थोर माणसांची चरित्रे वाचताना आपण सहसा जहाज, निरोप आणि पदवी एवढेच लक्षात ठेवतो. मधल्या काळात खोलीचे भाडे कसे भरले, कोट कुठून आला, दुपारी काय खाल्ले, हे तपशील किरकोळ ठरतात. नाहीतर 'साधी राहणी' या सद्गुणाच्या खात्यावर आपण ते जमा करून टाकतो. प्रस्तुत टिपणाचा आक्षेप या वाचनपद्धतीवर आहे.

१८८८ साली मोहनदास गांधी बॅरिस्टरीसाठी निघाले. खर्चाचा अंदाज सांगितला गेला होता चार ते पाच हजार रुपयांचा. आकड्यात न बसणारा खर्च मात्र मुंबईतच सुरू झाला. जातीने त्यांना वाळीत टाकले आणि त्यांना मदत करणाऱ्याला सव्वा रुपया दंड ठरवला. मेहुण्यांनी त्या धाकाने आपल्याकडे ठेवलेली रक्कम द्यायला नकार दिला, आणि जहाजाच्या भाड्यासाठी एका स्नेह्यापुढे हात पसरावा लागला.

पुढचा हिशेब 'सत्याचे प्रयोग'मध्ये आहे. सप्टेंबरअखेर पांढरे फ्लॅनेलचे कपडे घालून ते उतरले; तसे कपडे घातलेले ते एकटेच. हॉटेलच्या बिलातला त्यांचा वाटा तीन पौंड, आणि तरीही पोट रिकामेच. मग बाँड स्ट्रीटवर शिवलेला दहा पौंडांचा सूट, एकोणीस शिलिंगांची उंच टोपी, नृत्यवर्गाचे तीन पौंड, व्हायोलिनचे आणखी तीन. हा सगळा 'सभ्य' दिसण्याचा खर्च. महानगर परक्याकडून भाड्याच्या आधी हा कर वसूल करते.

भानावर आल्यावर गांधींनी पै-पैचा जमाखर्च ठेवला. कुटुंबात राहणे सोडून स्वतंत्र खोली घेतली, पायी फिरू लागले, पुढे आठ शिलिंग आठवड्याच्या एका खोलीत राहून सकाळी ओटची लापशी आणि कोको, रात्री कोको आणि पाव, असे दिवसाचे खाणे सव्वा शिलिंगात बसवले. दक्षिण आफ्रिकेत गेल्यावर त्यांनी नवागतांसाठी लंडनची एक मार्गदर्शिकाही लिहायला घेतली, ती त्या वेळी छापली गेली नाही. ही काटकसर खरी होती. पण ती निवडलेली होती. पाठीशी पैसे पाठवणारे थोरले बंधू होते. म्हणूनच तिला 'प्रयोग' म्हणता आले.

बत्तीस वर्षांनी, जुलै १९२० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला निघाले. बडोद्याची शिष्यवृत्ती केव्हाच संपली होती. हाताशी होती सिडनॅम कॉलेजातल्या नोकरीतून शिल्लक टाकलेली रक्कम, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले पाच हजार रुपये. म्हणजे उसना आकडा जवळजवळ गांधींच्या अंदाजाइतकाच! पण लंडन बदलले होते. महायुद्धाने तिथले राहणीमान दुपटीहून अधिक महाग केले होते.

आणि महागाईहून अदृश्य असा एक खर्च होता, हुंडणावळीचा. १९२० च्या आरंभी रुपयाचा भाव दोन शिलिंगांच्याही वर गेला होता. १९२१ मध्ये तो एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली आला. दोन शिलिंगांच्या दराने पाच हजार रुपयांचे पाचशे पौंड होतात. एक शिलिंग चार पेन्सच्या दराने अवघे तीनशे तेहतीस. मुंबईत रुपया तोच राहतो, लंडनमधल्या माणसाची मात्र तिसरा हिस्सा भाकरी कमी होते.

ही तूट भरायची कशातून? शिक्षणाची फी ठरलेली, भाडे ठरलेले. ताणता किंवा आवळता येते ते फक्त पोट. धनंजय कीर यांच्या चरित्रात दिवसभर ग्रंथालयात बसून दुपारचे जेवण टाळणारे आंबेडकर दिसतात, घरमालकिणीची तुटपुंजी न्याहारी दिसते आणि रात्री भूक मारणारे पापडही. इकडे मुंबईत रमाबाई काटकसरीने संसार रेटत होत्या. लंडनचे भाडे एका अर्थाने परळच्या चुलीतूनही भरले जात होते.

याच काळात त्यांनी लिहिलेला प्रबंध 'रुपयाचा प्रश्न' हा होता. तो १९२३ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने आला. प्रबंधाचे मूळ लेखकाच्या उपासात शोधणे भाबडेपणाचे ठरेल; त्यातला युक्तिवाद चलनाच्या इतिहासावर उभा आहे. परंतु परदेशी चलनाशी असलेल्या दरापेक्षा रुपयाची देशातली क्रयशक्ती स्थिर राखणे महत्त्वाचे, असे त्यात बजावणाऱ्या माणसाला चलनाची चंचलता केवळ तक्त्यांतून ठाऊक नव्हती, एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही.

गांधींची लापशी आणि आंबेडकरांचे पापड आपण एकाच 'साधी राहणी'च्या धड्यात शिकवतो. हे अन्यायाचे आहे. एकाने गरजा कमी केल्या. दुसऱ्याला गरजाही परवडल्या नाहीत. या दोहोंना एकच विशेषण लावले की टंचाईला सद्गुणाचे रूप येते, आणि ती कुणी, का लादली हा प्रश्न वर्गात विचारलाच जात नाही. चरित्र शिकवताना म्हणूनच हिशेबाची पाने गाळू नयेत.