अश्रान्त

कोल्हापूर जिल्ह्यांत वेदगंगेच्या कांठीं वसलेल्या मुरगुडास आमचें वडिलार्जित घर आहे. त्या घराच्या माजघरांत आमचे वडील पक्षाघातानें चौदा महिने अंथरुणास खिळून होते. आम्ही त्या वेळीं कोल्हापुरास अध्यापन करीत असूं; शनिवारीं सायंकाळीं गांवीं येत असूं आणि सोमवारीं पहांटे परतत असूं. त्यांची कूस बदलणें, अंग पुसणें, घास भरविणें, रात्रींतून तीन-चार वेळां उठणें, हें सर्व आमची आई करी. समाचारास येणारीं माणसें म्हणत, "केवढी ही सेवा! थकवा म्हणून माउलीला ठाऊक नाहीं." आम्हीहि अभिमानानें मान डोलवीत असूं. वडील गेल्यावर तिसऱ्या महिन्यांत आईनें अंथरूण धरलें. डॉक्टरांस नांव देण्याजोगा रोग सांपडेना, आणि तिच्या अंगांत उठून बसण्याचें त्राण येईना.

पुढें एकदां सुश्रुतसंहिता चाळीत असतां आम्ही एका शब्दापाशीं थबकलों. वैद्य, रोगी, औषध आणि परिचर हे चिकित्सेचे चार पाद होत, हें आयुर्वेदाचें मत वाचकांस परिचित असेलच. सुश्रुतानें परिचराचीं लक्षणें सांगितलीं आहेत: तो स्नेहशील असावा, किळस न करणारा असावा, बलवान असावा, रोग्यास जपण्यांत तत्पर असावा, वैद्याच्या शब्दाप्रमाणें वागणारा असावा, आणि शेवटीं तो 'अश्रान्त' असावा. या शब्दाचा अर्थ 'कधीं न थकणारा' असा करण्याची रीत आहे. परंतु त्याचा सरळ अर्थ 'जो थकलेला नाहीं तो' असाहि होतो. या दोन अर्थांत अंतर थोडें नाहीं. पहिला अर्थ घेतला तर तो परिचरावर लादलेला एक सद्गुण ठरतो. दुसरा घेतला तर ती एक अवस्था ठरते, आणि ती राखण्याची जबाबदारी इतरांवर येते. आमचा हा अर्थ पंडितांस कदाचित् रुचणार नाहीं. तथापि चरकसंहितेंतील उपकल्पनीय अध्यायाचा त्यास कांहींसा आधार आहे. तेथें आतुरालयाची सिद्धता सांगतांना स्वयंपाक करणारे, स्नान घालणारे, अंग रगडणारे, उठविणारे-निजविणारे, इतकेंच काय, गाणारे व कथा सांगणारे, असे अनेक सेवक वर्णिले आहेत. ही व्यवस्था राजे व धनिक यांच्याकरितां होती हें खरें; पण एका रोग्यामागें एकच जीव जुंपावा, अशी शास्त्रकारांची कल्पना नव्हती, हें त्यावरून स्पष्ट होतें.

क्रिमियाच्या युद्धांत कीर्ति पावलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचें शुश्रूषेवरील पुस्तक १८५९ सालीं लिहिलें गेलें. तें मुख्यतः घरांतील आजाऱ्यांचें करणाऱ्या सामान्य स्त्रियांकरितां होतें. त्यांत त्यांनीं एक स्वतंत्र प्रकरण केवळ व्यवस्थेस दिलें आहे. आपण हजर असतां जें घडतें तें आपल्या गैरहजेरींतहि घडावें, अशी तजवीज करणें हा त्यांच्या मतें शुश्रूषेचा गाभा होय. शुश्रूषा करणारीनें अष्टौप्रहर उशाशीं बसणें शक्य नाहीं, आणि इष्टहि नाहीं, असें त्या निःसंदिग्धपणें सांगतात.

आपल्या महाराष्ट्रांत ही जाणीव संस्थेच्या रूपानें प्रथम पुण्यास दृढ झाली, असें म्हणावयास हरकत नाहीं. न्यायमूर्ति रानडे १६ जानेवारी १९०१ रोजीं निवर्तले. त्यांच्या अखेरच्या आजाराची हकीकत रमाबाईंच्या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आठवणींत आहे. आजाऱ्याच्या उशाशीं बसणें म्हणजे काय, हें पुरतें जाणणाऱ्या या बाईंनींच १९०९ सालीं, गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साह्यानें, पुणें सेवासदन उभारलें. सेवासदनाच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयांत परिचारिकेचें शिक्षण घेऊं लागल्या. त्यांत विधवा स्त्रियाहि होत्या. जें काम स्त्रीचा निव्वळ धर्म म्हणून गणलें जाई, त्याला शिक्षण, वेतन आणि मुख्य म्हणजे पाळी मिळाली. रुग्णालयांतील परिचारिकेची पाळी संपते व दुसरी तिच्या जागीं येऊन उभी राहते. घरच्या परिचारिकेस मात्र ही दुसरी बाई कधींच लाभली नाहीं.

या उणिवेची किंमत काय, हें अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथील शुल्झ व बीच या संशोधकांनीं १९९९ सालीं दाखवून दिलें. आजारी जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या ६६ ते ९६ वर्षांच्या वृद्धांकडे त्यांनीं चार वर्षें लक्ष ठेविलें. ज्यांस त्या सेवेचा मानसिक ताण जाणवत होता, त्यांच्यांत मृत्यूचा धोका शुश्रूषेचा भार नसलेल्यांपेक्षां ६३ टक्क्यांनीं अधिक आढळला. ज्यांस सेवा करूनहि ताण जाणवत नव्हता, त्यांच्यांत अशी वाढ आढळली नाहीं. म्हणजे घात सेवा करीत नाहीं. घात करतो तो ताण.

आमच्याच काळांत कॅनडांतील कॅलगरी विद्यापीठाचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांनीं, पत्नीच्या दीर्घ मानसिक आजारांत सोबत केल्यावर, १९९७ सालीं पुण्यास स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था स्थापिली. रुग्णांच्या आप्तांनीं एकत्र बसावें, आपलें दुःख मोकळें करावें, एकमेकांचे उपाय ऐकावे, अशी तेथील रीत. भावाचा आजार सांभाळणाऱ्या बहिणीची ओढाताण 'देवराई' या चित्रपटानें २००४ सालीं घरोघर पोहोंचविली, त्यामागेंहि डॉ. वाणींचें पाठबळ होतें. या मंडळींत रुग्णास 'शुभार्थी' व त्याचें करणाऱ्यास 'शुभंकर' म्हणतात. शब्द सुंदर आहे. पण शुभंकराचें शुभ कोणीं पाहावें, हा प्रश्न त्यानें आपोआप सुटत नाहीं.

आमची आई वर्षभरानें सावरली. एकदां परसांत तांदूळ निवडीत असतां ती सहज म्हणाली, "तुझ्या वडिलांचं करणं मला कधी जड गेलं नाही. एखाद्या रात्री कुणी म्हणायला हवं होतं, 'तू नीज, मी जागतो.'" त्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. शनिवारच्या रात्रीं तर आम्ही त्याच घरांत, भिंतीपलीकडे, गाढ झोंपलेले असूं.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं आज कोणी अंथरुणास आहे, त्यांनीं आजाऱ्याच्या प्रकृतीबरोबर त्याचें करणाऱ्या माणसाच्या झोंपेचीहि विचारपूस करावी. आठवड्यांतून दोन रात्री आणि एक दुपार दुसऱ्यानें वांटून घ्यावी. 'मला कांहीं होत नाहीं' असें उत्तर मिळेल; तें ऐकूं नये. जी स्वतः आजाऱ्याच्या उशाशीं आहे, तिनेंहि बोलावणें येण्याची वाट न पाहतां मदत मागावी, आणि ती मागण्यांत आपल्या मायेस उणेपणा येतो असें मानूं नये. सुश्रुतानें परिचरास अश्रान्त राहावयास सांगितलें. तें तिला एकटीला साधण्याजोगें नाहीं.