हातोडा पडला की गाडी गेली

टॉम बॅरेट यांना आपली १९३३ ची सोळा सिलिंडरची कॅडिलॅक विकायची होती आणि रस जॅक्सन ती बघायला गेले. १९६० च्या दशकातली ही गोष्ट. गाडीचा सौदा राहिला बाजूला, दोघांची गट्टी मात्र जमली. दोघेही अमेरिकेतल्या ॲरिझोनात राहणारे, दोघांनाही दुसऱ्या महायुद्धाआधीच्या लांबलचक, देखण्या गाड्यांचं वेड, आणि वेड असूनही व्यवहार न सुटलेला. १९६७ मध्ये त्यांनी तिथल्याच स्कॉट्सडेलमध्ये गाड्यांचं प्रदर्शन भरवलं. त्याचं नाव होतं ‘फिएस्टा दे लोस ऑटोस एलेगांतेस’. नावाचा थाट मोठा असला तरी हेतू गावकीचाच होता. वाचनालयासाठी आणि कलाकेंद्रासाठी चार पैसे उभे करायचे होते. चार वर्षांनी, १९७१ मध्ये, याच जोडीने पहिला लिलाव पुकारला. बॅरेट-जॅक्सन ही पेढी तिथून धरायची.

जागा त्यांना नेमकी मिळाली होती. मिशिगन, ओहायो या भागांत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीचा खालचा पत्रा खाऊन टाकतं. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत तीस-चाळीस वर्षं पडून राहिलेल्या गाडीचा रंग उडालेला असेल, सीटचं कातडं तडकलेलं असेल, पण पत्रा शाबूत असतो. जुन्या गाड्या घेणारा माणूस आधी खाली वाकून तेच बघतो, कारण रंग नवा देता येतो, गंजलेली गाडी मात्र उभी करता करता घर गहाण पडतं. शिवाय जानेवारीत उत्तरेकडे थंडीने हाडं गोठत असताना इथलं ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं. पैसेवाल्यांना थंडीत दक्षिणेला यायला निमित्त हवंच असतं. गोल्फ होतंच, त्यात लिलावाची भर पडली. आता जानेवारीच्या त्या आठवड्यात इतरही बड्या लिलाव कंपन्या इथे तंबू ठोकतात. पण आठवडा कुणाचा असं विचारलं तर गाव बॅरेट-जॅक्सनचंच नाव घेईल. त्यांचा लिलाव वेस्टवर्ल्डला भरतो. ही जागा शहराच्या मालकीची, मुळात घोड्यांच्या स्पर्धांसाठी केलेली.

सुरुवातीच्या काळात तिथे चलती होती ती ड्यूझनबर्ग, पॅकार्ड, ऑबर्न, कॅडिलॅक यांची. घेणारे कोण, तर ज्यांनी लहानपणी, मंदीच्या काळात, या गाड्या श्रीमंतांच्या दारात उभ्या असलेल्या पाहिल्या होत्या ते. हा धंदा समजून घ्यायचा तर एवढं एक सूत्र ध्यानात ठेवावं. माणसाच्या हातात पैसा साधारण पन्नाशीला खेळू लागतो, आणि तेव्हा तो पंधराव्या वर्षी न मिळालेली गाडी शोधायला निघतो.

१९९३ मध्ये रस जॅक्सन कर्करोगाने गेले. थोरला मुलगा ब्रायन याच्या हाती सूत्रं आली, पण १९९५ मध्ये तोही कर्करोगानेच गेला. दोन वर्षांत बाप आणि भाऊ गमावलेला धाकटा क्रेग आणि त्याची आई नेली, एवढेच घरातले उरले. घरच्या धंद्यात अशा वेळी पेढी विकून टाका असं सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि ते चुकीचं सांगतात असंही नाही. त्यातून बाजाराची हवाही बरी नव्हती. १९८० च्या दशकाच्या अखेरीला जुन्या फेरारींचे भाव आकाशाला भिडले होते, तो फुगा १९९० नंतर फुटला आणि बरेच हौशी गुंतवणूकदार पोळून बाहेर पडले. क्रेग यांनी पेढी ठेवली. वडिलांबरोबर आणि भावाबरोबर गाड्या उघडून पुन्हा बांधण्यात त्यांचं लहानपण गेलं होतं, त्यामुळे माल ओळखणं त्यांना शिकावं लागलं नाही. पुढे २०१० मध्ये फिनिक्सच्या टीजेन या संशोधन संस्थेत कर्करोगाच्या संशोधनासाठी रस आणि ब्रायन यांच्या स्मरणार्थ निधी उभा राहिला. बॅरेट यांचं नाव पाटीवर तसंच राहिलं, पेढी मात्र जॅक्सनांची झाली.

आजची बॅरेट-जॅक्सन घडली ती क्रेग यांच्या दोन निर्णयांनी, असं माझं मत. पहिला निर्णय टीव्हीचा. १९९६ मध्ये अमेरिकेत स्पीडव्हिजन ही केबल वाहिनी सुरू झाली. मोटारी, विमानं, बोटी असलाच मजकूर. तिला पडदा भरायला काहीतरी हवं होतं आणि क्रेग यांच्याकडे दिवसभर पुरेल एवढा तमाशा होता. लिलाव थेट घरात दिसू लागला. कॅन्ससमधला एखादा बियाणे विक्रेता सोफ्यावर बसून आपल्या जुन्या शेव्हरलेला काय भाव आला असता ते बघू लागला, आणि पुढच्या वर्षी ती गाडी ट्रेलरवर घालून स्वतःच हजर झाला. तोवर हा सगळा मामला टाय लावलेल्या जाणकारांपुरता होता. टीव्हीने त्यात जीन्सवाले आणले. जाणकारांनी नाकं मुरडली. अजूनही मुरडतात.

दुसरा निर्णय अधिक धाडसाचा. लिलावात विकणारा सहसा किमान किंमत लावून ठेवतो. तेवढी बोली आली नाही तर गाडी परत घरी जाते. विकणाऱ्याच्या जिवाला यात स्वस्थता असते. घेणाऱ्याची मात्र चिडचिड होते, कारण तास-दोन तास थांबून, हात वर करून शेवटी कळतं की मालकाला विकायचंच नव्हतं, भाव तेवढा काढायचा होता. क्रेग यांनी आपल्या लिलावातल्या जवळजवळ सगळ्या गाड्या किमान किंमत न लावता विकायचं धोरण धरलं. गाडी चौथऱ्यावर आली की ती जाणारच, मग बोली लाखाची असो वा दहा हजारांची. धोका मालकाच्या पदरात. वरवर हे विकणाऱ्याच्या मुळावर आल्यासारखं दिसतं. झालं उलटच. इथे सगळं खरंच विकलं जातं हे कळल्यावर घेणारे झुंडीने आले, आणि घेणारे आले म्हणून भाव आले. पुढे महागड्या गाड्यांना किमान किंमत लावायची मुभा पुन्हा देण्यात आली. गंमत अशी की २०१३ मध्ये क्रेग यांनी स्वतःची ‘ग्रीन हॉर्नेट’ ही एकुलती एक शेल्बी मस्टँग चौथऱ्यावर आणली ती किमान किंमत लावूनच. बोली १८ लाख डॉलरपर्यंत चढली आणि गाडी न विकता परत गेली. त्यांना मी दोष देत नाही. पण धोरण आणि मालकी एका माणसात आली की काय होतं ते बघण्यासारखं आहे.

लिलावाचा प्रत्यक्ष नजारा आपल्याला अगदीच परका वाटायचं कारण नाही. ज्याने लासलगावला कांद्याचा लिलाव पाहिलाय त्याला ती लय ओळखीची वाटेल. आकडे एकमेकांत मिसळलेले, श्वास कुठे घेतला ते कळू नये असा पुकारा. गाडी ढकलत किंवा हळू चालवत चौथऱ्यावर येते, झगझगीत दिव्यांखाली थांबते, आणि मोजक्या मिनिटांत निकाल लागतो. खाली गर्दीत पेढीची माणसं फिरत असतात. त्यांचं काम एकच, बोली लावणाऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून अजून एक बोली काढायची. घेणाऱ्याची बायको शेजारी असेल तर आधी तिच्याशी गोड बोलायचं हेही त्यांना पक्कं ठाऊक. हातोडा पडला की बोलीवर १० टक्के अडत घेणाऱ्याने द्यायची, आणि विकणाऱ्याकडूनही पेढी आपला वाटा घेते. म्हणजे गाडी कितीलाही जावो, पेढी दोन्हीकडून खाते. भाव पडला तर मालक रडेल, पेढीच्या गल्ल्यात थोडं कमी पडेल इतकंच.

२००६ आणि २००७ या दोन जानेवारी महिन्यांनी बॅरेट-जॅक्सनचं नाव गाड्यांशी संबंध नसलेल्या घरांतही पोचवलं. जनरल मोटर्सने आपल्या फिरत्या प्रदर्शनासाठी ‘फ्यूचरलायनर’ नावाच्या बारा अजस्र बसगाड्या बांधल्या होत्या. लांबी ३३ फूट, आणि ड्रायव्हर वर मधोमध, एखाद्या मनोऱ्यात बसल्यासारखा. त्यातली एक २००६ मध्ये ४३ लाख २० हजार डॉलरला गेली. पुढच्या वर्षी मोटारनिर्माते कॅरल शेल्बी यांची स्वतःची कोब्रा ४२७ सुपर स्नेक आली. दोन सुपरचार्जर बसवलेल्या असल्या दोनच कोब्रा बनल्या होत्या आणि दुसरी कड्यावरून पॅसिफिक महासागरात कोसळून संपली होती. ही ५५ लाख डॉलरला गेली. दोन्ही गाड्या घेणारा माणूस एकच, ॲरिझोनातले बांधकाम व्यावसायिक रॉन प्रॅट.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. मला पुढची जास्त बोलकी वाटते. २०१५ मध्ये प्रॅट यांनी आपला शंभरावर गाड्यांचा संग्रह याच चौथऱ्यावर विकायला काढला. एकूण विक्री ४ कोटी डॉलरच्या वर गेली. पण सुपर स्नेकला आले ५१ लाखांच्या आसपास, म्हणजे आठ वर्षांपूर्वीपेक्षा कमीच. फ्यूचरलायनरची हातोड्याची बोली ४० लाखांवर थांबली, अगदी २००६ मध्ये थांबली होती तिथेच, आणि ती रक्कम त्यांनी सैनिकांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकली. जुनी गाडी म्हणजे सोनं असं सांगणारा दलाल भेटला तर त्याच्यापुढे हे आकडे ठेवावेत. या आकड्यांत विमा, गोडाऊन आणि मेकॅनिक यांचा हिशेब तर धरलेलाच नाही.

या धंद्यात खरी झटापट कागदांशी असते. इंजिनवरचा नंबर, चॅसिसचा नंबर आणि कारखान्याची नोंद जुळली तर गाडीचा भाव कित्येक पट होतो, म्हणून खोटे नंबर ठोकणारेही निपजतात. नंबरांची करामत क्रेग यांनी स्वतः अनुभवली ती चांगल्या अर्थाने. शेल्बीची १९६७ ची ‘लिटल रेड’ ही प्रायोगिक मस्टँग कित्येक दशकं बेपत्ता होती. लोक मानत होते की ती कधीच भंगारात गेली. शोधणारे सगळे शेल्बीचा अनुक्रमांक घेऊन हिंडत होते. क्रेग यांच्या बरोबरचे गाड्या पूर्ववत करणारे जेसन बिलप्स यांनी तो सोडला आणि फोर्डने मुळात दिलेला नंबर शोधायला घेतला. २०१८ मध्ये गाडी उत्तर टेक्सासमध्ये सापडली, उघड्यावर, गंजलेली, इंजिन नसलेली. सरकारी नोंदीत ती इतकी वर्षं होतीच.

बाकी विक्रम थोडक्यात. १९६६ च्या टीव्ही मालिकेतली बॅटमोबाइल २०१३ मध्ये ४६ लाख २० हजार डॉलरला गेली. २०२० मध्ये नव्या कॉर्व्हेटची पहिली गाडी धर्मादायासाठी ३० लाखांना गेली. लास वेगास, पाम बीच, ह्यूस्टन इथेही लिलाव भरले. २०२२ च्या जानेवारीत एकट्या स्कॉट्सडेलची उलाढाल २० कोटी डॉलरच्या वर गेली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जॅक्सनांनी पेढीचा ५५ टक्के हिस्सा एंडेव्हर या मनोरंजन उद्योगातल्या बड्या कंपनीला विकला, सुमारे २६ कोटी डॉलरला. क्रेग प्रमुख म्हणून राहिले. घरच्या धंद्याचा हा शेवट झाला असं काहींना वाटलं. मला तसं वाटत नाही. टीव्हीला घरात घेतलं त्या दिवशीच हा धंदा मनोरंजनाचा झाला होता, मोठ्या कंपनीने फक्त त्याची किंमत मोजली. खरा प्रश्न गिऱ्हाइकाचा आहे. ड्यूझनबर्ग आठवणारे गेले, १९६० च्या दशकातल्या दांडग्या इंजिनांच्या मसल कार आठवणारे सत्तरी-ऐंशीत आहेत. २०२१ च्या जूनमध्ये लास वेगासला ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ चित्रपटातली पॉल वॉकर यांची नारिंगी टोयोटा सुप्रा चौथऱ्यावर आली. १९९४ ची जपानी गाडी. क्रेग यांच्या वडिलांच्या पहिल्या लिलावाच्या वेळी अमेरिकेत जपानी गाडी म्हणजे पेट्रोल वाचवणारा स्वस्तातला पर्याय होता. या सुप्राला आले साडेपाच लाख डॉलर.