जुनी मोटारसायकल आणि तिचा मेस्त्री



मोटारसायकल हा इतिहासाचा विषय होऊं शकतो काय, असें कोणी विचारील. गड, ताम्रपट, बखरी आणि सनदा यांना जो मान आपण देतों, तो तेलानें माखलेल्या एका लोखंडी वाहनाला कसा द्यावा? परंतु ज्या वस्तूनें दोन पिढ्यांचा प्रवास, धंदा आणि हातांतील कसब हीं सर्व बदलून टाकलीं, तिचा वृत्तांत कोणीं तरी सांगितलाच पाहिजे. शिवाय जुन्या मोटारसायकली शोधून, दुरुस्त करून पुनः रस्त्यावर आणण्याची हौस आज शहरांतून वाढीस लागली आहे. ही हौस चांगली आहे. तथापि तींत नेमकें काय जतन करावयाचें, याचा विचार तितकासा झालेला दिसत नाहीं. आजच्या भाषणांत मी त्याकडेच आपलें लक्ष वेधणार आहें.

जर्मनीमध्यें गॉटलीब डाइमलर यानें १८८५ सालीं लांकडी सांगाड्यावर पेट्रोलचें इंजिन बसविलें, तेथून या वाहनाची कुळकथा सुरू होते. इंग्लंडांतील रॉयल एनफील्ड कंपनीची पहिली मोटारसायकल १९०१ सालची. आपल्याकडे आरंभीं ही वस्तु संस्थानिक, गोरे अधिकारी आणि मोजके धनिक यांच्याच दारांत दिसे. ती सामान्यांच्या दृष्टीच्या टप्प्यांत आली ती दुसऱ्या महायुद्धामुळें. १९३९ ते १९४५ या काळांत ब्रिटिश सैन्यानें निरोप्यांसाठीं बी.एस.ए. एम-२०, नॉर्टन १६-एच, मॅचलेस जी-३-एल अशा गाड्या प्रचंड संख्येनें घेतल्या. एकटी एम-२० च सव्वा लाखाच्या घरांत निघाली. युद्ध संपल्यावर भारतांत राहिलेल्यांपैकीं कित्येक गाड्या लष्करांतून खाजगी मालकांकडे आल्या. लोकांनीं तिचें इंग्रजी नांव बाजूस ठेवून तिला आपलें नांव दिलें, ‘फटफटी’. आवाजावरून बारसें झालेलें असें दुसरें वाहन मला ठाऊक नाहीं.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध आले आणि गाड्या येथेंच बनविणें भाग पडलें. १९५५ सालीं मद्रास येथें एनफील्ड इंडिया कंपनी स्थापन होऊन ‘बुलेट’ तेथें जुळूं लागली. मुंबईच्या इराणी कुटुंबानें चेकोस्लोव्हाकियाची ‘जावा’ म्हैसुरास आणली. यादवगिरी येथील त्या कारखान्यांतून १९६१ पासून गाड्या बाहेर पडूं लागल्या, आणि पुढें १९७३ च्या सुमारास त्याच गाडीला ‘येझदी’ हें नांव मिळालें. १९६२ मध्यें एस्कॉर्ट्स कंपनीनें पोलंडच्या नमुन्यावर १७५ सी.सी.ची ‘राजदूत’ काढली. पुढें वीस वर्षेंपर्यंत आपल्या रस्त्यांवर राज्य केलें तें मुख्यतः या तिघींनीं.

तिघींचे स्वभाव अगदीं भिन्न. बुलेट चार-स्ट्रोकची, जड आणि मानी. तिला नुसती लाथ मारून भागत नसे. अगोदर अ‍ॅमीटरची सुई मध्यावर आणावयाची, हँडलवरची डीकॉम्प्रेसरची खीळ दाबून पिस्टन हलकेच माथ्यापलीकडे सरकवावयाचा, आणि मग सगळें वजन किकवर टाकावयाचें. हा विधि चुकला तर किक उलटून पोटरी सडकून निघे. तिचा गिअर उजव्या पायाशीं आणि ब्रेक डाव्या पायाशीं. त्यामुळें दुसरी गाडी चालविणारा तिच्यावर बसला कीं कांहीं काळ गोंधळून जाई. जावा याच्या उलट. दोन-स्ट्रोकची, गोलाईच्या टाकीची, दोन्ही बाजूंस एकेक नळी असलेली. गिअरचा दांडा तोच किकचा दांडा: आंत दाबून वर फिरविला कीं किक, खालीं आणला कीं गिअर. शिवाय गिअर टाकतांना पायाच्या दाबानेंच क्लच सुटे. दिव्याच्या आवरणांत खोंचावयाची तिची किल्ली तर जवळजवळ खिळ्यासारखी होती. राजदूत साधी आणि सोशीक. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटांत तिच्याच एका लहानशा बहिणीनें तरुणांना वेड लावलें; तथापि खेड्यापाड्यांतून राजदुताचें खरें काम दुधाच्या किटल्या वाहण्याचें होतें, आणि तें तिनें कुरकुर न करतां केलें.

आतां या इतिहासाची दुसरी बाजू पाहूं. माझें गांव कबनूर, इचलकरंजीला लागून, हातकणंगले तालुक्यांतील. इचलकरंजींत विठ्ठलराव दातार यांनीं १९०४ मध्यें पहिला यंत्रमाग चालविला, आणि त्यानंतर हा सगळा परिसर मागांच्या खडखडाटांत वाढला. जेथें माग तेथें जॉबर; जेथें जॉबर तेथें लेथ, भाता, वेल्डिंग आणि पान्यांची पेटी. इकडे कोल्हापुरांत शिवाजी उद्यमनगराच्या फाउंड्र्यांतून ऑइल इंजिनांचे भाग ओतले जात. तेथें म्हादबा मेस्त्री यांचें नांव आजही आदरानें घेतलें जातें. अशा मुलुखांत मोटारसायकल आली, तेव्हां तिला कारागीर शोधावे लागले नाहींत. ते वाट पाहतच बसले होते.

त्यांच्यापुढें अडचणी थोड्या नव्हत्या. इंग्रजी गाड्यांचे नटबोल्ट व्हिटवर्थ मापाचे, तर जावाचे मेट्रिक; म्हणजे मेस्त्रीच्या पेटींत पान्यांचे दोन स्वतंत्र संच असावे लागत. युद्धांतल्या गाड्यांचे सुटे भाग मिळत नसत. मग झिजलेलें बुश मापून तसेंच दुसरें गनमेटलमधून लेथवर काढावयाचें. सिलिंडर झिजला तर बोअर करून एक माप मोठा पिस्टन घालावयाचा. जावाचा क्रँक उघडला तर त्याच्या दोन्ही चकत्या पुनः एका रेषेंत आणणें हें तर केवळ यंत्राचें काम नव्हे. हलक्या हातोडीचे ठोके किती आणि कोठें, हें हातालाच कळावें लागे. प्लग काढून त्याचा रंग पाहावयाचा: काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी, तपकिरी असेल तर सर्व ठीक. इंजिनांत कोठें खडखडतें तें ऐकावयाचें असेल, तर स्क्रू-ड्रायव्हरचें टोंक आवरणाला लावून मूठ कानाशीं धरावयाची. वैद्यानें नाडी पाहावी तसेंच हें होतें. काजळीनें चोंदलेला सायलेन्सर कॉस्टिक सोड्यानें धुवून निघाला कीं गाडीचा आवाज पुनः मोकळा होई, आणि मालकाचा चेहराही.

मालक आणि मेस्त्री यांचें नातें यामुळें निराळेंच बनलें. मालक रविवारीं सकाळीं स्वतः टाकी पुसी, चेन साफ करी, पॉइंट घांसी. त्यापुढचें काम मेस्त्रीकडे. ‘मेस्त्री, तिसऱ्या गिअरला घरघरते हो’ एवढें म्हटलें कीं पुरे. कित्येक शिक्षक, तलाठी, व्यापारी आणि मागवाले ह्या बाकांवर एकत्र बसत. कोण कोणत्या हुद्द्याचा हें तेथें कोणी विचारीत नसे. आमच्यासारख्या मोजक्या पगाराच्या माणसाला गाडी घेणें हा एक प्रपंचच असे. म्हणून ती टाकून देण्याची कल्पनाही मनाला शिवत नसे. गाडी बापाकडून मुलाकडे जाई आणि मेस्त्रीचें गिऱ्हाईकही तसेंच पुढें चाले. आपल्या देशानें मोटारसायकली थोड्या बनविल्या, परंतु त्या दीर्घकाळ चालविल्या. आणि त्याचें श्रेय कारखान्यांइतकेंच या दुरुस्तीच्या विद्येला आहे. माझ्या भाषणाचा मुख्य मुद्दा हाच.

१९८४-८५ च्या सुमारास जपानी सहकार्यानें बनलेल्या १०० सी.सी.च्या गाड्या आल्या. हीरो होंडाची चार-स्ट्रोक गाडी थोड्या पेट्रोलांत कितीतरी लांब जाई, धूर करीत नसे, आणि रोज उघडून पाहण्याची गरजही पडत नसे. सामान्य माणसाच्या खिशाला हें फार मोठें वरदान होतें, आणि त्याबद्दल नाक मुरडणें अन्यायाचें होईल. परंतु जुन्या गाड्यांचे दिवस त्यामुळें भरले. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्यें बंद पडला. बुलेट मात्र टिकली. इंग्लंडांतील मूळ कंपनी १९७० च्या सुमारास मिटली तरी मद्रासची शाखा वृक्ष होऊन उभी राहिली. बाकीच्या कित्येक गाड्या गोठ्यांत, परसांत, जिन्याखालीं गेल्या आणि तेथून वजनावर भंगारांत. ज्या भट्टींत जुने यंत्रमाग वितळले, त्याच भट्टींत त्याही वितळल्या.

आतां वारें पुनः फिरलें आहे. जावाचें नांव २०१८ मध्यें नव्या गाडीवर परत आलें, २०२२ मध्यें येझदीचेंही आलें. सरकारनें २०२१ मध्यें नियम करून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली. त्या नियमांतील एक अट मला फार महत्त्वाची वाटते: सांगाडा, बाह्यांग आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. याचा अर्थ असा कीं कायद्यानेंही चकाकीपेक्षां खरेपणाला मान दिला आहे.

हौशी मंडळींनीं हें मनावर घेतलें पाहिजे. मूळ टाकी फेंकून बाजारांतली नवी बसविली, इंजिन एकीचें आणि सांगाडा दुसरीचा घातला, वर आरशासारखा मुलामा चढविला, म्हणजे गाडी सुंदर दिसेल. परंतु ती इतिहासाची साक्ष देणार नाहीं. जुन्या पोथीवर कोणी नव्या शाईनें अक्षरें गिरविलीं तर आपण त्यास जीर्णोद्धार म्हणत नाहीं. टाकीवरचा पोंचा, गुडघ्यांनीं झिजलेलें रबर, मेस्त्रीनें कधीं काळीं स्वतः घडवून बसविलेला एखादा दांडा, हे डाग नव्हेत. तीं त्या गाडीच्या आयुष्याचीं पानें आहेत. गंज थांबवावा, ब्रेक आणि चाकें निर्धोक करावीं, आणि बाकीचें शक्य तितकें राहूं द्यावें.

परंतु याहूनही मोठी गोष्ट सांगावयाची राहिली. गाडी घरांत उभी करतां येते. विद्या तशी उभी करतां येत नाहीं. ज्यांनीं या गाड्या चालत्या ठेवल्या ते मेस्त्री आतां सत्तरी-ऐंशीच्या घरांत आहेत. त्यांच्यापैकीं बहुतेकांनीं कांहीं लिहून ठेवलेलें नाहीं. लिहिण्याची संवय नव्हती आणि कोणीं विचारलेंही नाहीं. त्यांची मुलें निराळ्या धंद्यांत गेलीं, तें योग्यच झालें. कारखान्याचें नांव, मालकाचें नांव, गाडीचा नंबर हीं सर्व आर.सी. पुस्तकांत सांपडतात, मेस्त्रीचें नांव कोणत्याच कागदावर नाहीं. क्रँक सरळ करणारा तो हात एकदां थांबला, म्हणजे कितीही पैसा ओतला तरी ती जाण बाजारांत विकत मिळणार नाहीं.

म्हणून माझी श्रोत्यांना एक साधी विनंती आहे. आपल्या घरीं वडिलांची किंवा आजोबांची मोटारसायकल पडून असेल, तर ती भंगारांत देण्यापूर्वीं तिचे कागद शोधा, इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक उतरवून घ्या, आणि ती ज्या मेस्त्रीकडे जात असे त्याची चौकशी करा. तो हयात असेल तर त्याच्याजवळ दोन दुपारी बसा. कोणतें काम तो कसें करी, कोणत्या मापानें करी, कोणाकडून शिकला, हें एका वहींत लिहून घ्या. त्याचें नांव, गांव आणि सालही लिहा. घरांतील तरुणानें तें काम त्याच्या देखत एकदां स्वतः करून पाहिलें तर अधिकच उत्तम. राजांच्या स्वाऱ्या लिहून ठेवणारे पुष्कळ झाले. ज्या हातांनीं आपल्या स्वाऱ्या चालत्या ठेवल्या त्यांची टिपणें करणें एवढें काम आपल्या वांट्याला आलें आहे, आणि त्याला वेळ फार उरलेला नाहीं.