लसीकार्बुदाची पूर्वावस्था
प्रतिपिंडनिर्मितीशी संबंधित अशा बी-लसीका कोशिकांपैकी एकीपासून उपजलेल्या, परंतु अद्याप मारक न बनलेल्या कोशिकासमूहास बी-लसीकार्बुदाची पूर्वावस्था म्हणतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) वसंत रामजी खानोलकर यांनी विकृतिविज्ञानाचा पाया घातला, त्या काळी निदान लसीका ग्रंथीच्या छेदाच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीवर अवलंबून असे. ग्रंथीची मूळ रचना मोडलेली दिसली की रोग ठरे. तत्पूर्वीची अवस्था ओळखता येत नसे. लसीका कोशिकांचे बी व टी हे भेद १९६० नंतर स्पष्ट झाले. याच रुग्णालयातील २,७७३ लसीकार्बुदांच्या (हॉजकिन रोग वगळता) २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सु. ७९% बी-कोशिकांची आढळली.

पुटकीय लसीकार्बुदात १४ व १८ क्रमांकांच्या गुणसूत्रांत अदलाबदल होऊन कोशिकेचा स्वाभाविक मृत्यू टळतो. मात्र हीच अदलाबदल पुढे अनेक निरोगी व्यक्तींच्या रक्तातही आढळली. रचना न मोडलेल्या ग्रंथींतील अशा कोशिकांचे वर्णन २००२ मध्ये झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सुधारित वर्गीकरणात या अवस्थेच्या नावातून ‘लसीकार्बुद’ हा शब्द वगळण्यात आला. रक्तातील तत्सम अवस्थेत एकाच मूळ कोशिकेपासून झालेल्या बी-कोशिका दर घ. मिमी. मध्ये ५,००० पेक्षा कमी असतात व ग्रंथी वाढलेल्या नसतात.

यांपैकी थोड्याच व्यक्तींना पुढे कर्करोग होतो. म्हणून शरीरात अन्यत्र लसीकार्बुद नाही याची खात्री करून घेतल्यावर औषधोपचार न करता ठराविक कालाने तपासणी करतात. कर्करोग समजून दिलेली तीव्र औषधे येथे अपायकारकच ठरतात.