मनगटावरचा रेडिओ आणि हातातला दूरध्वनी

दिनांक ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या सिक्स्थ ॲव्हेन्यू या रस्त्यावर उभे राहून मार्टिन कूपर या अभियंत्याने किलोभराहून अधिक वजनाचे एक यंत्र कानाला लावले आणि बेल प्रयोगशाळेतील आपले प्रतिस्पर्धी जोएल एंगेल यांना दूरध्वनी केला. मोटोरोला कंपनीत घडविलेले हे यंत्र आजच्या भ्रमणध्वनीचे पूर्वज होय.

ही कल्पना कूपर यांना सुचली कोठून? १९६६ साली सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेत कप्तान कर्क झाकण उघडून ज्या संदेशयंत्रावर बोलत असे, त्यावरून, असे सर्रास सांगितले जाते. पुढे झाकणाचे फोन बाजारात आल्यावर हा समज अधिकच दृढ झाला. परंतु आपली प्रेरणा त्याहून जुनी असल्याचा खुलासा कूपर यांनीच पुढे केला. ती होती 'डिक ट्रेसी' ही वर्तमानपत्री चित्रकथा. चेस्टर गूल्ड यांनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या या चित्रकथेतील पोलीस अधिकारी १९४६ पासून मनगटावरच्या रेडिओवरून सहकाऱ्यांशी बोलू लागला. मौज अशी की, गूल्ड यांनाही ही कल्पना सुचली ती अल ग्रॉस या संशोधकाच्या कार्यशाळेतील बिनतारी उपकरणे पाहून. यंत्रातून कथा निघाली आणि कथेतून पुन्हा यंत्र.

शास्त्र तोवर अज्ञात होते असे नाही. शहराची लहान लहान क्षेत्रे पाडून त्याच रेडिओलहरी पुनःपुन्हा वापरण्याची योजना बेल प्रयोगशाळेत १९४७ मध्येच मांडली गेली होती. पण बेलचा भर होता मोटारीत बसविण्याच्या दूरध्वनीवर. कूपर यांचे म्हणणे असे की, दूरध्वनीचा क्रमांक घराचा, कचेरीचा वा मोटारीचा असू नये. तो माणसाचा असावा. भिंतीवरचे यंत्र माणसाच्या मनगटावर आणून चित्रकथेने नेमके हेच सुचविले होते. विज्ञानकथेचे ऋण मानावयाचे ते आमच्या मते येथे.

कथेने विचारात घेतली नव्हती ती किंमत. १९८३ मध्ये अमेरिकी शासनाची मान्यता मिळालेल्या मोटोरोलाच्या फोनचे वजन सुमारे ८०० ग्रॅम होते, बोलणे अर्धा तास चाले आणि किंमत होती ३,९९५ डॉलर. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी पहिले संभाषण केले. तेव्हा येणाऱ्या फोनचेही पैसे पडत. २००३ मध्ये ते थांबले आणि पाहता पाहता हे यंत्र भाजीविक्रेत्याच्या हाती आले. आम्ही शासकीय सेवेत आयुष्य घालविले असल्याने, दरासंबंधीच्या एका निर्णयाने काय घडू शकते याचे आम्हांस नवल वाटत नाही.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या घरांनी हा बदल जवळून पाहिला आहे. पूर्वी पुण्यास ट्रंक कॉल लावावयाचा तर क्रमांक नोंदवून तासन्‌तास वाट पाहावी लागे. तो लागे घराला. ज्याच्याशी काम असे तो येईपर्यंत फोन उचलणाऱ्या आत्याबाई साऱ्यांची खुशाली विचारून घेत. आता क्रमांक मुलाबरोबर बंगळुरूस जातो, परदेशीही जातो. मुलगा क्षणात सापडतो. घरातील इतरांशी होणारे दोन शब्द मात्र राहून जातात.

कूपर यांना हवे होते ते घडले, आणि त्याचा लाभ आपण रोज घेतो. मात्र आत्याबाईंशी जे बोलणे पूर्वी आपोआप होई, त्यासाठी आता त्यांचा क्रमांक आठवणीने लावावा लागतो. तेवढे कष्ट नव्या पिढीने घ्यावेत, इतकीच अपेक्षा.