घाटातला धूर गेला कुठे?

लोणावळ्याला जाताना बोगदा आला की डब्यात आरडाओरडा ठरलेला. आपल्यासाठी बोगदा म्हणजे घटकाभराची मजा आणि मोबाईलची रेंज गायब! पण वाफेच्या काळात इंजिनावरचा फायरमन इथे श्वास कसा घेत असेल? हा प्रश्न डोक्यात शिरला आणि माझा अख्खा शनिवार खाऊन गेला.

बोरघाटाचं काम 1856 मध्ये सुरू झालं, 1863 मध्ये गाडी धावू लागली. 25 बोगदे, आणि चढ असा की 37 फूट पुढे जायचं तर 1 फूट वर चढायचं. म्हणजे चढावर भट्टीत कोळसा जास्त, धूर जास्त, आणि बोगद्यात तो धूर जाणार कुठे?

छातीत. कोळशाची पूड आणि काजळी एकच नव्हेत, पण दोन्हींतले बारीक कण फुफ्फुसाच्या अगदी आतल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात. आमच्या भाषेत गार्बेज कलेक्टर! जंतू आला की गिळायचा आणि पचवायचा. कोळशाचा कण त्या गिळतात, पण पचवू शकत नाहीत. कणांनी भरलेल्या पेशी बारीक श्वासनलिकांभोवती साचतात, काळे डाग पडतात. पेशी धोक्याची रसायनं सोडत राहतात, मग शेजारच्या पेशी कोलॅजेनचे धागे विणतात. जखमेवर व्रण धरावा तसं फुफ्फुस आतून घट्ट होतं, वायुकोशांच्या भिंती तुटतात, धाप लागते. वर्षानुवर्षं पूड हुंगणाऱ्या खाणकामगारांत हे सगळ्यात जास्त दिसतं. आजार वाढलेला असेल तर नोकरी सोडल्यावरही तो पुढे सरकतो. ह्याला ‘अनडू’ नाही.

1929-30 च्या सुमारास घाटात विजेची इंजिनं आली. 1930 ची दख्खनची राणी विजेवरच धावली. घाट मोकळा झाला. पण त्या विजेसाठी रेल्वेने ठाकुर्लीला जे पॉवर हाऊस बांधलं, ते चालायचं कोळशावर! घाटातला धूर खाली उतरला, इतकंच.

मग पाण्याची वीज? लोणावळा-वळवणच्या तलावांवर 1915 पासून खोपोलीत टाटांची वीज तयार होऊ लागली आणि मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. गिरणगावाचा धूर त्याने नक्कीच कमी झाला. पण पुढे एक धरण शेजारच्या मुळशीतही आलं. जमिनी वाचवायला 1921 मध्ये तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, आणि तरीही गावं बुडाली.

म्हणजे स्वच्छ हवेचं बिल प्रत्येक वेळी कुणीतरी भरलंच. बहुतेक वेळा ते भरणारा गाडीत बसलेला नव्हता.

असो. महाराष्ट्राची वीज आजही मुख्यतः कोळशाचीच आहे. हे मी ज्या लॅपटॉपवर टाइप करतोय, त्याच्या प्लगचं दुसरं टोक चंद्रपूरकडच्या कुठल्यातरी खाणीपर्यंत जात असणार. तिथेही कुणीतरी आत्ता श्वास घेतंय.