ऑरगॅनिक आणि इनऑरगॅनिक केमिस्ट्रीत फरक काय? उत्तर तुमच्या फोनमध्येच आहे!

मागच्या वर्षी मी एक सेकंडहँड फोन घेतला. ओएलईडी स्क्रीन, रंग एकदम मस्त, किंमतही परवडणारी. घरी येऊन पांढरं पान उघडलं, तर खाली कीबोर्डचा फिकट ठसा! रिस्टार्ट केलं, रिसेट केलं, तरी ठसा जाईना. कारण शोधता शोधता मी थेट केमिस्ट्रीपर्यंत पोहोचलो, कारण ओएलईडीमधला 'ओ' म्हणजे ऑरगॅनिक.

ऑरगॅनिक केमिस्ट्री म्हणजे काय?

इथे 'ऑरगॅनिक' भाजीचा काही संबंध नाही. ऑरगॅनिक, म्हणजेच सेंद्रिय रसायनशास्त्रात कार्बनच्या संयुगांचा अभ्यास होतो. त्यात कार्बनला बहुतेक वेळा हायड्रोजन जोडलेला असतो. उदा. साखर, पेट्रोल, प्लास्टिक, पॅरासिटामॉल.

पूर्वी समज होता की असे पदार्थ फक्त सजीवांच्या शरीरातच तयार होतात. १८२८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फ्रेडरिक व्होलर यांनी लघवीत सापडणारा युरिया प्रयोगशाळेत बनवला आणि तो समज डळमळला. नाव मात्र तेच राहिलं.

मग इनऑरगॅनिक म्हणजे?

बाकी जवळपास सगळं! मीठ, पाणी, काच, गंज, धातू. पण एक गंमत लक्षात ठेवा: कार्बन डायऑक्साइड आणि खायचा सोडा यांत कार्बन असूनही ते इनऑरगॅनिकमध्येच मोजतात. म्हणजे 'कार्बन दिसला की ऑरगॅनिक' हा नियम अर्धवट आहे.

मुख्य फरक

- बंध: ऑरगॅनिक संयुगांत अणू बहुतेक इलेक्ट्रॉन वाटून घेतात (सहसंयुज बंध). इनऑरगॅनिकमध्ये मिठासारखे आयनिक बंधही भरपूर सापडतात.
- उष्णता: मेण साधारण ६० अंश सेल्सिअसला वितळतं, मीठ सुमारे ८०१ अंशांना. बरेच ऑरगॅनिक पदार्थ सहज पेटतातही.
- संख्या: कार्बनचे अणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या आणि कडी बनवतात, म्हणून ऑरगॅनिक संयुगं लाखोंनी आहेत.

फोनमध्ये काय कुठे असतं?

स्क्रीन: एलसीडीच्या मागे प्रकाश देणारे एलईडी गॅलियम नायट्राइडसारख्या इनऑरगॅनिक पदार्थाचे असतात. ओएलईडीत ऑरगॅनिक रेणूंचे पातळ थर स्वतःच उजळतात. असा पातळ थरांचा ओएलईडी कोडॅक कंपनीतल्या चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये मांडला. पण हे रेणू वापराने झिजतात, निळ्या रंगाचे जास्त लवकर. माझ्या फोनच्या आधीच्या मालकाचा पांढरा कीबोर्ड रोज तासन्‌तास एकाच जागी उजळत होता. तिथले पिक्सेल जास्त झिजले आणि ठसा उमटला. म्हणून रिसेटने तो जाणं शक्यच नव्हतं. बिघाड सॉफ्टवेअरचा नव्हता, रेणूंचा होता.

बॅटरी: इथे दोन्ही एकत्र नांदतात. धन बाजूला लिथियम कोबाल्ट ऑक्साइडसारखा इनऑरगॅनिक पदार्थ असतो, तर आतला द्राव ऑरगॅनिक आणि ज्वलनशील असतो. तो द्राव विघटित झाला की गॅस तयार होतो आणि बॅटरी फुगते.

हे लक्षात ठेवा

१. जुना ओएलईडी फोन घेताना पूर्ण पांढरा आणि करडा फोटो फुल स्क्रीनवर उघडून बघा. मी बघितला नाही, पैसे गेले.
२. ब्राइटनेस गरजेपुरता ठेवा, स्क्रीन टाइमआउट कमी करा, कीबोर्डला डार्क थीम लावा.
३. बॅटरी फुगली तर चार्जिंग लगेच बंद करा. ती दाबू नका आणि टाचणीने गॅस काढायचा प्रयत्न तर अजिबात करू नका, आग लागू शकते. सरळ सर्व्हिस सेंटर गाठा.

परीक्षेत हा प्रश्न आला तर फोन आठवा, आणि फोन घ्यायला गेलात तर केमिस्ट्री! तुमचा कोणी मित्र जुना फोन घेणार असेल, तर त्याला पैसे देण्याआधी हे नक्की वाचायला सांगा.